निकालाआधीचं अभिनंदन

“वैऱ्याला सांग, पण भावाला सांगू नकोस,” माझ्या वकील काझी मॅडम म्हणाल्या.

आम्ही खंडपीठाच्या कँटीनमध्ये बसलो होतो. त्यांनी गळ्यातला पांढरा बँड काढून पर्समध्ये टाकला होता. समोरचे पोहे निवत होते, पण माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. थोड्या वेळापूर्वीच न्यायमूर्ती मांगुळकरांनी माझ्या नवऱ्याच्या, धनराजच्या, वकिलाला विचारलं होतं, “मुलगी रात्री दचकून उठते तेव्हा कुणाला हाक मारते, हे तुमच्या अशिलाला विचारलंय का?”  शिरोळे वकिलांनी उगाच कागद चाळले. साहेबांनी निकाल राखून ठेवला. म्हणजे ऐकून घेणं संपलं. आता लिहायचं आणि भर कोर्टात वाचून दाखवायचं, एवढंच राहिलं होतं.

“दादाला नको सांगू? मॅडम, दर तारखेला तोच तर मला घेऊन येतो.”

“घेऊन येऊ दे. त्याला सांग, पुढची तारीख पडली. बेटा, तुझा भाऊ पक्षाचं काम करतो. त्या लोकांच्या पोटात बातमी मुक्काम करत नाही.”

मला हसू आलं. मॅडमना एकटं राहायची सवय, त्यांना भाऊबीज काय कळणार, असंही मनात येऊन गेलं. दिगूदादा बाहेर कडुलिंबाखाली मोटारसायकलवर आडवा बसून फोनवर कुणाला तरी “साहेब, साहेब” करत होता. गेटमधून बाहेर पडायच्या आत मी त्याला सगळं सांगितलं होतं. शिरोळे वकिलांचा चेहरा कसा झाला, तेसुद्धा नक्कल करून.

“झालं मग!” दादानं टाकीवर थाप मारली. “पोरगी घरी आली समज.”

हे सगळं सुरू झालं तेव्हा माझी मुलगी तनू चार वर्षांची होती. मी बी.एड.च्या परीक्षेसाठी अंबडला माहेरी आले, तेवढ्यात गेवराईला सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं. परत गेले तर दार उघडलं नाही. आतून तनू “आई, कडी वर आहे गं” म्हणत होती आणि सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवत होत्या. धनराजचा हात चालायचा, हे जिल्हा न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट लिहिलं होतं आणि तनूचा ताबा मला दिला होता. त्याच आठवड्यात धनराजनं खंडपीठाकडून स्थगिती मिळवली. तात्पुरती. मुलीची बालवाडी मध्येच बदलू नये म्हणून.

त्या तात्पुरत्या स्थगितीवर तनूची बालवाडी संपून गेली. खंडपीठात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नव्या न्यायाधीशांच्या नावांची यादी दिल्लीत अडकलेली. सत्ताधारी पक्ष म्हणायचा, यादीत विरोधकांची माणसं घुसवलीत. विरोधी पक्ष म्हणायचा, सरकारला खुर्च्यांवर आपले कार्यकर्ते बसवायचेत. संध्याकाळी टीव्हीवर दोन्हीकडचे लोक एकमेकांवर तुटून पडायचे. आमची केस मात्र सुनावणीच्या यादीत एवढी खाली असायची की नंबर लागायच्या आत कोर्ट उठायचं. तनू धनराजकडेच होती, त्यामुळे त्याला काही करावंच लागत नव्हतं. कोर्ट उठलं की तो जिंकायचा.

मांगुळकर साहेब आले आणि ती केस वर निघाली. ते तीन माणसांचं काम एकटे ओढत होते. आणि ते आमच्याच तालुक्यातले, म्हणून दादाची छाती फुगलेली.

त्या संध्याकाळी चहा घेताना दादानं आईला सगळं समजावून सांगितलं. “साहेब अजून अतिरिक्त आहेत. दोन वर्षांसाठी. मग कायम करतात, नाहीतर घरी पाठवतात.”

“म्हणजे शिक्षणसेवकासारखं?” आईनं विचारलं.

“तसंच समज. कायम झाले की बासष्टपर्यंत बघायला नको. पण साहेबांनी मंत्र्याच्या कॉलेजच्या बेकायदा इमारतीला कुलूप ठोकायला लावलं. आता मंत्री त्यांना कायम होऊ देईल होय? दोन वर्षं या महिन्यात भरायलीत. आमच्या पक्षानं साहेबांसाठी रान उठवलंय.”

“मग तो घरी गेला तर आपला निकालही घरी नेतो का काय?” आई म्हणाली.

दादा मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही. मी काझी मॅडमना फोन लावला. त्यांनी सांगितलं, “हो. निकाल वाचायच्या आत त्यांची मुदत संपली तर सगळं पहिल्यापासून. नवा न्यायाधीश, नवी सुनावणी. म्हणून म्हणते, आपण श्वाससुद्धा हळू घ्यायचा.”

त्यानंतर मी घरात तशीच वावरत होते. तनूसाठी घेतलेल्या फ्रॉकची घडी मोडायची, पुन्हा घालायची. फ्रॉक तिला आता आखूड होणार हे मला दिसत होतं. शिलाई उसवून मी त्याला खालून एक पट्टी लावली.

बुधवारी दुपारी जेवताना दादाचा फोन वाजला. त्यानं उष्ट्या हातानंच घेतला. “हो, दिगंबरच बोलतोय… काय सांगता!” तो ताटावरून उठून उभाच राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याच्या मिशीला वरण लागलं होतं.

“प्रणे! ऑर्डर निघाली दिल्लीहून. साहेब कायम! आणि तुझंही झालं. शुक्रवारी वाचणार. पोरगी आईकडं!”

आईनं देवाकडे बघून हात जोडले. मी विचारलं, “कोण बोललं?”

“खंडपीठातला माणूस.”

“नाव?”

“अगं, तसली माणसं नाव सांगतात का? नोकरी जाईल त्याची.”

मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, “कायम झाल्याचं मी ऐकलेलं नाही. शुक्रवारी केस निकालासाठी लागलीय, एवढं खरं. घरात कुणाला सांगितलंस?”

“नाही,” मी म्हणाले. दादा शेजारीच उभा होता. त्याला मी म्हटलं, “शुक्रवारपर्यंत गप्प बसायचं. शपथ घे.”

“घेतली की,” तो म्हणाला आणि आरशासमोर जाऊन केसांतून कंगवा फिरवू लागला. गुरुवारी तो दिवसभर घरी नव्हता. पक्षाची बैठक आहे, म्हणाला.

शुक्रवारी सकाळीच आम्ही मोटारसायकलवर निघालो. फ्रॉक मी पिशवीत घेतला होता. शहर आलं तसा दादा शीळ घालायला लागला. कोर्टाकडे वळणाऱ्या चौकात त्यानं गाडी मुद्दाम हळू केली.

“बोलू नको. नुसतं बघ.”

चौकात बांबूंवर दोन मजली फ्लेक्स उभा होता. वरच्या ओळीत पक्षाचे नेते, गोल-गोल चौकटीत. मधोमध काळ्या कोटातले मांगुळकर साहेब, त्यांच्या डोक्यामागे उगवता सूर्य. ‘तालुक्याचे भूमिपुत्र, न्यायदेवतेचे सुपुत्र, कायम न्यायमूर्तीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक. दिगूदादा, काळा चष्मा लावून, कानाला फोन. आणि त्याच्या बाजूला कोपऱ्यात मी. कडेवर तनू. तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो. आमच्या खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘न्याय मिळालेली माऊली’.

“सगळ्यात आधी आपला लागला!” दादा म्हणाला. “कायम झाल्याचं अजून पेपरातसुद्धा नाही. जिल्हाध्यक्षांचा स्वतः फोन आला मला. आहेस कुठं!”

“उतरव.”

“काय?”

“दादा, उतरव तो. आत्ता.”

“येडी झालीस का? साहेबांची गाडी इथूनच जाते. त्यांच्या नजरेला पडावा म्हणून तर या चौकात…”

मी गाडीवरून उडी मारली. चप्पल काढली आणि बांबूवर चढले. साडीचा काठ खिळ्यात अडकून फाटला. वरपर्यंत हात पोचत नव्हता. मी माझ्याच फोटोचा कोपरा धरून ओढायला लागले. खाली रिक्षावाले जमले. “ओ ताई, स्वतःचा फोटो आवडला नाही का?” एकानं विचारलं आणि बाकीचे हसले. दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. दादा खालून ओरडत होता, “प्रणे, खाली ये! लोक बघायलेत! पक्षाचे नेते आहेत त्याच्यावर!”

कोपरा टरकन फाटला. माझा चेहरा गेला. तनू आणि ‘न्याय मिळालेली माऊली’ तशीच राहिली.

तेवढ्यात दिव्याची पांढरी गाडी चौकात आली. पोलिसानं रहदारी थांबवली. गाडीची मागची काच बंद होती, पण त्या काचेआड एक मान वर झालेली मला दिसली. मग ती खाली झाली. मी बांबूला लटकले होते.

कोर्टात आमचा नंबर लागला तेव्हा शिरोळे वकील उभे राहिले. फार दुःख झालेल्या माणसासारखे दिसत होते. “माय लॉर्ड, हे दाखवायला मला संकोच वाटतो,” असं म्हणून त्यांनी फोटो पुढे केले. फ्लेक्सचा एक आणि मी बांबूला लटकलेली असताना काढलेला एक. काझी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मांगुळकर साहेबांसमोर निळी फीत बांधलेली फाइल होती. तिच्यात टाइप केलेली पानं दिसत होती. मला ती मोजावीशी वाटली. साहेबांनी फोटो पाहिले, चष्मा काढला.

“मी कायम झालो, हे मला आज चौकात कळलं,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही. “आणि मी काय निकाल दिला, तेही. या बाई आनंदानं फोटो काढून घेतात आणि मी त्याच निकालावर सही करतो, हे मला करता येणार नाही. हे प्रकरण माझ्यासमोर नको. दुसऱ्या न्यायाधीशांपुढं ठेवा.”

मॅडम उभ्या राहिल्या. “साहेब, अशिलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती तर फ्लेक्स उतरवत होती. मुलगी लहान आहे, साहेब, आणि दुसरे न्यायाधीश…”

“दुसरे न्यायाधीश नाहीत, ते मला माहीत आहे, काझी मॅडम.”

मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी मागच्या बाकावरून उठले. “साहेब, तुम्ही लिहिलाय ना? तो तिथं आहे ना? नुसता वाचा. एकदा वाचा, मग पाहिजे तर फाडून टाका.”

शिपायानं माझा दंड धरला. साहेबांनी फाइलची फीत ओढून घट्ट केली. “हळू धरा त्यांना,” ते शिपायाला म्हणाले. मला तेव्हा वाटलं, हा माणूस दयाळू आहे. आता वाटतं, त्या दयेचं मी काय करू?

कोर्टाबाहेर धनराज उभा होता. त्यानं मला पाणी पाहिजे का, म्हणून विचारलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांची मुदत संपली. कायम झाल्याची ऑर्डर निघालीच नव्हती, कधीच निघाली नाही. सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता टीव्हीवर आमचा फ्लेक्स दाखवत होता. “बघा, हे निःपक्षपाती न्यायमूर्ती! यांचे शुभेच्छुक बघा!” विरोधी पक्षानं निषेधाचा मोर्चा काढला. मोर्चात दादा पुढे होता. छातीवर तनूचा फोटो लावला होता, खाली लिहिलं होतं, ‘या चिमुकलीचा काय गुन्हा?’ मी टीव्ही बंद केला, तर आई म्हणाली, “राहू दे गं. दिगू दिसायलाय.”

पुढच्या निवडणुकीत दादा नगरसेवक झाला.

आमची केस रिकाम्या खुर्चीपुढे पडून राहिली. मग एक न्यायाधीश आले, त्यांनी पहिल्यापासून ऐकायला सुरुवात केली आणि मध्येच बासष्ट पूर्ण होऊन निवृत्त झाले. दुसरे आले, त्यांची बदली झाली. दरम्यान कोर्टानं मला भेटीची परवानगी दिली. महिन्यातून दोन शनिवारी, जिल्हा न्यायालयाच्या बालकक्षात. भिंतीवर ससा आणि कासव काढलेलं, एक मोडका घसरगुंडीचा खेळ, आणि दाराशी बसलेली एक शिपाई बाई, जी मी तनूला जवळ घेतलं की घड्याळ बघायची.

तनू नऊ वर्षांची झाली होती तेव्हाची गोष्ट. ती मला ‘तुम्ही’ म्हणायची. मी कधी टोकलं नाही. टोकलं असतं तर कदाचित तेही म्हणायची थांबली असती. त्या दिवशी मी डब्यात तिला शंकरपाळ्या आणल्या होत्या. खाता-खाता ती एकदम हसली.

“पप्पा तुमच्या मामाची… नाही, माझ्या मामाची गोष्ट फार भारी सांगतात.”

“कुठली गं?”

“फ्लेक्सची! लग्नात, वाढदिवसाला, सगळे त्यांना म्हणतात, धनराज, ती सांग. मग पप्पा असं नाक दाबतात.” तिनं नाक दाबलं आणि घोगरा आवाज काढला. “‘हॅलो, दिगंबरराव का? खंडपीठातून बोलतोय. साहेब कायम झाले. ताईंचं पण काम झालं. माझं नाव नका घेऊ बरं का!’ आणि मामा लगेच फ्लेक्स लावून मोकळा! आजीच्या तर हसून-हसून डोळ्यांत पाणी येतं.”

ती माझ्याकडे बघत होती, मी हसते का म्हणून.

“आणि तुम्ही बांबूवर चढला होतात ना? पप्पांकडे व्हिडिओ आहे. मी खूप वेळा बघितलाय.”

मी हसले. ती हसत होती, आणि ती माझ्यासमोर हसलेली मी चार-पाच महिन्यांत पाहिली नव्हती. मी म्हटलं, “हो ना, साडी पण फाटली माझी.” ती आणखी हसली. शंकरपाळीचा चुरा तिच्या हनुवटीवर होता. तो पुसायला मी हात पुढे केला, तेव्हा शिपाई बाईनं घड्याळाकडे पाहिलं.

घरी आल्यावर दादाला सांगितलं. तो नगरपालिकेत निघाला होता, पांढरे कपडे, गळ्यात रुमाल. तो दारातच थांबला. मला वाटलं, आता हा गेवराईला जाईल आणि धनराजच्या कानाखाली काढेल.

“मला आलता संशय,” तो म्हणाला.

“कधी?”

“मोर्चाच्या वेळेलाच. पण तेव्हा बोललो असतो तर लोक काय म्हणले असते? दिगंबरला एका फोननं गंडवला? राजकारण संपलं असतं माझं.” त्यानं चप्पल घातली. “आणि आता उकरून काढू नको, प्रणे. धनराज आलाय आपल्या पक्षात. गेवराईचं काम चांगलं बघायलाय. जिल्हाध्यक्षांनी त्याला माझ्याशेजारीच बसवलंय.”

आई आतून म्हणाली, “दिगू, डबा राहिला.”

मी काझी मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, ओरडल्या नाहीत. “फोन त्यानं केला हे सिद्ध कसं करणार? आणि केलं तरी कुणापुढं? आज आपली केस ऐकायला न्यायाधीशच नाही.” पुन्हा यादी दिल्लीत होती. आता सरकार दुसऱ्यांचं होतं आणि टीव्हीवर दोन्ही पक्षांनी आपापली वाक्यं बदलून घेतली होती. जे तेव्हा म्हणायचे खुर्च्या भरा, ते आता म्हणत होते घाई कशाला.

तनू आता अकरा वर्षांची आहे. शेवटची भेट वैशाखात झाली. बालकक्षातला पंखा बंद होता, शिपाई बाई पुठ्ठ्यानं वारा घेत होती, आणि तनूनं पूर्ण बाह्यांचं लोकरी जाकीट घातलं होतं. मी म्हटलं, “काढ गं, उकडत नाही का?” ती म्हणाली, “नाही.” कपाळावरून घाम ओघळत होता. तिची वेणी सुटली होती, म्हणून मी हात वर केला, तर तिनं दोन्ही कोपर डोक्यावर घेतले. पटकन. सवयीनं. मग माझ्याकडे बघून तिनं ते खाली घेतले आणि म्हणाली, “माशी होती.”

तिथं माशी नव्हती.

पुढच्या शनिवारी तिला आणलं नाही. परीक्षा आहे, असं कळवलं. मग ताप. मग ‘मुलगी स्वतःच नको म्हणते’. मी अर्ज केलाय, तो पडून आहे. पोलिसांत गेले, तर तिथले साहेब म्हणाले, कोर्टातला विषय आहे, आम्ही हात घालत नाही. त्यांच्या टेबलावर दादाच्या पक्षाची दिनदर्शिका होती. बालकल्याण समितीकडेही गेले. तिथल्या दोन जागा भरायच्या आहेत, भरल्या की बघू, असं म्हणाले. मी गेवराईला गेले की गल्लीत पाऊल टाकताच कुणीतरी धनराजला फोन करतं. मी फाटकापाशी पोचेपर्यंत घरातला टीव्ही मोठा झालेला असतो.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कुणी गेवराईत राहत असेल, किंवा कामानं जाणार असेल, तर पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत जा. हिरव्या फाटकाचं घर, बाहेर पारिजातकाचं झाड आहे. माझं नाव काढू नका. वकिलाचं तर नकोच. ऊन फार आहे म्हणा आणि प्यायला पाणी मागा. घरात मोठी माणसं असली की पाणी आणायला तनूच येते. हसतमुख आहे, विचारेल, “थंड देऊ का साधं?” काहीही सांगा. ग्लास घेताना हात थोडा उंच धरा, म्हणजे तिलाही वर करावा लागेल आणि बाही मागे सरकेल. तेव्हा तिच्या मनगटाच्या वर बघा. कृपा करून बघा, आणि जे दिसेल ते मला कळवा.